‘तिला वाईट वाटलं’ हे न लिहिता: कवितेत आणि नाटकात भावना आडून पोचवण्याची रीत

कविसंमेलनात किंवा एकांकिकेच्या पहिल्या वाचनाला बसलात तर काही शब्द थोड्याच वेळात पाठ होतात. मन भरून आलं, काळीज तुटलं, एकाकीपण दाटलं, आतून कोसळलो. लिहिणाऱ्याची भावना खोटी असते असं नाही. ती ऐकणाऱ्याला कळते, पण होत नाही.

ही तक्रार जुनी आहे. नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त स्पष्ट लिहून ठेवलं की नुसता ‘शृंगार’ हा शब्द वापरला आणि बाकी काही उभं केलं नाही, तर काव्यात रसाचा लवलेशही जाणवत नाही. पुढे काव्यशास्त्रकार मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त रसाचे दोष मोजले, तेव्हा यादीत पहिला घातला तो हाच: जो भाव अनुभवायला द्यायचा, त्याचंच नाव घेऊन मोकळं होणं. शास्त्रात याला ‘स्वशब्दवाच्यत्व’ म्हणतात. नाव बोजड आहे, पण तालमीत सारखं उपयोगी पडतं.

आता नाव घ्यायचं नाही एवढं सगळ्यांनाच ठाऊक असतं. तरी लिहिताना होतं काय, तर ‘दुःख’ खोडून ‘डोळे पाणावले’ लिहिलं जातं आणि ‘राग’ खोडून ‘मुठी आवळल्या’. हे आडून सांगणं नव्हे, तेच नाव शरीरावर लिहिणं आहे. माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. भावना आडून सांगायची ती पात्राला सरळ सांगता येत नाही म्हणून. लेखकाला आडवळण आवडतं, हे कारण पुरत नाही. अडचण पात्राची असली पाहिजे. ती एकदा सापडली की अर्धं काम झालं, आणि सापडली नाही तर कितीही सूचक लिहा, ते नखरा वाटतं.

पुढच्या पायऱ्या याच क्रमाने घ्या. कविता लिहीत असाल तर चौथी आणि पाचवी वाचून सोडून दिलीत तरी चालेल, पण पहिल्या तीन टाळू नका.

पहिली पायरी: भावनेचं नाव वहीत लिहा

कवितेत नाव नको, पण वहीत हवंच, आणि नेमकं हवं. ‘दुःख’ हे नाव पुरेसं नाही. भरताच्या ‘नाट्यशास्त्रा’त टिकून राहणारे स्थायी भाव आठच आहेत, पण येणारे-जाणारे व्यभिचारी भाव तेहेतीस आहेत: ग्लानी, शंका, असूया, दैन्य, चिंता, व्रीडा, अमर्ष वगैरे. परीक्षेसाठी पाठ केलेली ही यादी लेखकाच्या टेबलावर असावी. ‘ती दुःखी आहे’ असं आपण म्हणतो तेव्हा बहुतेकदा ती दुःखी नसतेच. तिला अमर्ष असतो, म्हणजे झालेला अपमान गिळवत नाही आणि उलट करताही येत नाही.

त्या तेहेतिसांत एक भाव आहे, अवहित्था. आतलं बाहेर दिसू नये म्हणून केलेली लपवालपव. लपवणं हीसुद्धा एक भावना आहे, हे इतक्या जुन्या काळी कुणी यादीत लिहून ठेवलं याचं मला दरवेळी कौतुक वाटतं. या लेखातली जवळजवळ सगळी उदाहरणं तिचीच आहेत.

दुसरी पायरी: प्रसंग आधी, हालचाल नंतर

कालिदासाच्या ‘कुमारसंभवा’च्या सहाव्या सर्गात सप्तर्षी शंकरासाठी पार्वतीला मागणी घालायला हिमालयाकडे येतात. अंगिरा ऋषी बोलत असतात. तेव्हाचा हा श्लोक:

एवंवादिनि देवर्षौ पार्श्वे पितुरधोमुखी।
लीलाकमलपत्राणि गणयामास पार्वती॥

ऋषी असं बोलत असताना वडिलांच्या शेजारी खाली मान घालून पार्वती हातातल्या कमळाच्या पाकळ्या मोजत होती. बस. आनंद, लाज, धाकधूक यांतला एकही शब्द नाही. म्हणून हा श्लोक आनंदवर्धनापासून पुढे सगळ्यांनी उदाहरणाला घेतला.

पण श्लोकाचं कौतुक करताना नजर पाकळ्यांवरच राहते आणि शिकायचं ते राहून जातं. पाकळ्या मोजणं वेगळं काढून बघा. एक मुलगी पाकळ्या मोजते आहे. कंटाळली असेल, रुसली असेल, किंवा लहान असेल. पाकळ्यांत काहीच नाही. सगळं आहे ते ‘एवंवादिनि’ आणि ‘पार्श्वे पितुः’ या दोन ठिकाणी: ऋषी तिच्याच लग्नाचं बोलताहेत आणि वडील शेजारी बसलेत. ज्याच्यासाठी तिने तप केलं त्याचं नाव निघालंय, कान तिकडे आहेत, पण वडीलधाऱ्यांसमोर ऐकतेय असं दिसूही द्यायचं नाही. मग हातांनी कुठे जायचं?

शास्त्राच्या भाषेत ऋषींचं बोलणं आणि वडिलांची उपस्थिती हा विभाव, म्हणजे भाव जागवणारा प्रसंग, आणि पाकळ्या मोजणं हा अनुभाव, म्हणजे त्या भावाची बाहेर दिसणारी खूण. मम्मटानेच दाखवून दिलंय की सुटा अनुभाव काही सिद्ध करत नाही, कारण अश्रू प्रेमाचे असतात, शोकाचे असतात आणि भीतीचेही असतात. नवशिके लेखक सगळी मेहनत अनुभावावर करतात, थरथरते हात, कोरडा घसा, खिडकीबाहेर बघणं. मेहनत विभावावर घ्या, अनुभाव मग फार साधा असला तरी चालतो.

त्यासाठी वहीत चार प्रश्नांची उत्तरं लिहा. ही भावना आज, याच वेळी का वर आली? समोर कोण आहे? त्या वेळी हातात कोणतं काम होतं? आणि ती बोलून का दाखवता येत नाही? चौथ्याचं उत्तर ‘कारण मग कविता राहणार नाही’ असं येत असेल तर प्रसंग बदला.

याची उलट बाजूही असते. टी. एस. एलियटने १९१९ च्या आपल्या निबंधात ‘हॅम्लेट’वर आक्षेप घेतला तो असा, की नायकाची भावना त्याच्यासमोर मांडलेल्या घटनांना पुरून उरते. हॅम्लेटच्या बाबतीत ते मान्य करायचं की नाही हा वाद चालू द्या. आपल्या पहिल्या खर्ड्याच्या बाबतीत ते बहुतेकदा खरं असतं.

तिसरी पायरी: कविता लिहून बघू

विषय अगदी वापरून गुळगुळीत झालेला घेतो, मुद्दाम: आई गेली, वडील एकटे राहिले. पहिला खर्डा सगळ्यांचा सारखाच येतो.

आई गेली आणि घर सुनं झालं
बाबांच्या डोळ्यांत एकटेपण दाटलं

पुढच्या खर्ड्यात साडी, रिकामी खुर्ची, तुळस किंवा न विझलेली समई येते. या वस्तू इतक्या जणांनी वापरल्या आहेत की त्यांना आता स्वतःचं वजन उरलेलं नाही. आठवणीची वस्तू शोधूच नका. कामाची वस्तू शोधा, जी माणूस गेल्यावरही वापरावीच लागते आणि वापरताना अडचण होते.

आईचा नंबर

अठ्ठावीस दिवस झाले की बाबा नाक्यावर जातात.
साधा मारा, म्हणतात, नेट नको त्याला.
परत येऊन फोन फ्रीजवर ठेवतात,
चार्जरची वायर पोचते तिथेच.

गॅस अजून आईच्या नावावर आहे.
बदलून घेऊ, मी म्हटलं, एक अर्ज तर करायचाय.
कशाला, म्हणाले, ओटीपी येतो की व्यवस्थित.

काल सिलिंडरवाला दारात उभा,
बाबा चष्मा शोधताहेत.
काका, मी बघू का, म्हणाला.
थांब, म्हणाले. आलाय. तिचा आलाय.

हे काही थोर काव्य नाही, रीत दाखवण्यापुरतं आहे. ‘गेली’, ‘मृत्यू’, ‘आठवण’ यांतला एकही शब्द आत नाही. आई हयात नाही हे ‘अजून’ या एका शब्दावर आणि सगळ्या व्यवहारावर सोपवलं आहे. ओटीपी हे बाबांचं निमित्त आहे, आणि निमित्त खरंच लागू पडणारं आहे, त्यामुळे मुलाला त्यावर काही बोलता येत नाही. नेट नको म्हणणारा माणूस व्यवहारी आहे, रडवा नाही, आणि म्हणूनच रिचार्जचा खर्च बोलतो. रडव्या माणसाने रिचार्ज केला असता तर आपल्याला त्याचं काही वाटलं नसतं.

इथे मोह होतो तो एका ओळीचा: ‘रात्री बाबा त्या नंबरवर फोन लावतात’. टाळ्या मिळतील. पण त्या ओळीने बाबांची लपवालपव संपते आणि कवी पुढे येऊन ‘कळलं ना?’ असं विचारतो. ती ओळ लिहा, बघा आणि काढून टाका.

वृत्त, यमक, ओळ कुठे तोडायची, याबद्दल थोडंच सांगतो. भावनेच्या शब्दावर यमक जुळवू नका, कारण यमक त्या शब्दाखाली रेघ मारतं. आणि ओळ तोडून मुद्दाम सुस्कारा टाकायला लावू नका.

चौथी पायरी: संवादात भांडण दुसऱ्याच गोष्टीवर चालू द्या

‘गाथासप्तशती’ ही आपल्याकडची. सातवाहन राजा हालाच्या नावावर असलेला महाराष्ट्री प्राकृतातला संग्रह. तिच्यातली एक गाथा ध्वनीच्या, म्हणजे सूचित अर्थाच्या, चर्चेत फार गाजली. एक बाई एका धर्मशील माणसाला सांगते: बाबा, आता बिनधास्त हिंड. तुला घाबरवणाऱ्या त्या कुत्र्याला गोदावरीकाठच्या झाडीत राहणाऱ्या सिंहाने आजच मारलं.

ही झाडी तिची आणि प्रियकराची भेटायची जागा, आणि हा गृहस्थ तिथे फुलं तोडायला येतो. शब्दांत ‘ये’ म्हटलंय, अर्थ ‘पुन्हा इकडे फिरकू नकोस’. कुत्र्याला भिणारा माणूस सिंहाच्या जाळीत कशाला शिरेल? आणि बाईवर कसला आळही घेता येत नाही, तिने तर काळजीच दाखवली. गुपित असल्यामुळे तिला असं बोलणं भाग आहे.

संवाद लिहिताना ही गाथा समोर ठेवा. भाऊ-भावांचा एक प्रसंग घेऊ. वडिलांच्या मागे विहिरीजवळचा तुकडा विकायचाय, धाकटा पुण्याहून सहीपुरता आलाय. थोरल्याच्या मनात अमर्ष आहे: बाबांचं सगळं आजारपण मी काढलं, तू पाहुण्यासारखा आलास. सरळ लिहिलं तर ‘तुला आमची आठवण फक्त सहीच्या वेळी येते!’ हे वाक्य येतं आणि त्यानंतर आवाज चढण्यापलीकडे नटाला काही करायला उरत नाही. त्याऐवजी:

थोरला: चहात साखर कमी घातलीय. तिकडे कमीच घेतोस ना.
धाकटा: चालते मला, दादा.
थोरला: नाही, तुझ्या वहिनीनं लक्षात ठेवलंय. मागच्या खेपेला तू म्हणाला होतास.
धाकटा: मागच्या खेपेला...
थोरला: तेराव्याला.
(धाकटा चहा पितो.)
धाकटा: सात-बारा आणलास?
थोरला: परवाच. झेरॉक्सही काढून ठेवलीय. तुझी गाडी कितीची?
धाकटा: साडेपाचची. म्हणजे, सातचीही आहे एक.
थोरला: साडेपाचचीच बरी. सातच्या गाडीला उभं राहावं लागतं.

थोरल्याचं एकही वाक्य वाईट नाही. साखर, झेरॉक्स, बसायला जागा, सगळी काळजीच. धाकट्याने कुठे बोट ठेवायचं? ‘सातचीही आहे एक’ म्हणून तो जरा वेळ थांबायची तयारी दाखवतो, आणि थोरला ती गाडीच्या गर्दीत बुडवून टाकतो. माझ्या मते प्रसंगाचा कणा ते वाक्य आहे. ‘तेराव्याला’ हा शब्द चटकन डोळ्यात भरतो, पण दिग्दर्शकाने त्यावर पॉझ घेऊ नये. तो सहज गेला पाहिजे, तारीख सांगितल्यासारखा.

आणखी एक गोष्ट, जी संहितेत फार वेळा बिघडते. कंसात ‘दुखावून’, ‘कडवटपणे’, ‘भरल्या गळ्याने’ असं लिहू नका. स्वशब्दवाच्यत्वाचा दोष मागच्या दाराने येतो तो इथूनच. नट ते वाचतो आणि तेवढंच करतो. कंसात हाताचं काम लिहा: कप पुसतो, कागदाच्या घड्या सरळ करतो, दोरी गुंडाळतो. पार्श्वसंगीताचंही तसंच. ‘तेराव्याला’ म्हटल्याबरोबर बासरी वाजली तर नटाने झाकलेलं ध्वनिसंयोजकाने उघडं केलं. निळ्या स्पॉटबद्दल न बोललेलं बरं.

पाचवी पायरी: न घडलेली गोष्ट रंगमंचावर आणा

हे अवघड आहे, पण जमलं तर प्रयोग तिथे उभा राहतो. चेखॉव्हचं ‘द चेरी ऑर्चर्ड’ १९०४ मध्ये मॉस्को आर्ट थिएटरने रंगमंचावर आणलं. त्याच्या चौथ्या अंकात सगळे घर सोडून निघालेत. व्यापारी लोपाखिन घरच्या मानलेल्या मुलीला, म्हणजे वार्‍याला लग्नाचं विचारेल, अशी सगळ्यांची अपेक्षा आहे. दोघांना मुद्दाम एकटं सोडलंय. वार्‍या आत येते आणि सामानात काहीतरी शोधत राहते. कुठे ठेवलं ते आठवत नाही म्हणते. तो विचारतो, आता कुठे जाणार. ती सांगते, अमक्यांकडे, घर सांभाळायला. मग तो हवेबद्दल बोलतो: गेल्या वर्षी या सुमारास बर्फ होतं, यंदा ऊन आहे, पण थंडी आहे, शून्याखाली तीन अंश. ती म्हणते, मी पाहिलं नाही, आणि आमचं तापमापक फुटलंय. बाहेरून कुणीतरी हाक मारतं. तो जणू त्याच हाकेची वाट बघत असल्यासारखा निघून जातो.

अभ्यासायचं ते हे, की वार्‍या नेमकं काय शोधतेय हे चेखॉव्ह सांगत नाही. तिला खोलीत थांबायला कारण हवं होतं, एवढंच ते शोधणं आहे. संवादाची गाडी विचारण्याच्या जवळ येते आणि दोघंही तिला हवामानाकडे वळवतात. आणि तो गेल्यावर वार्‍या जमिनीवर बसून गाठोड्यावर डोकं टेकते, हळू रडते. म्हणजे रडणं वर्ज्य नाही. ते त्याच्या देखत येत नाही, प्रसंग हातातून गेल्यावर येतं.

आपल्या संहितेत हे करायचं असेल तर क्रम असा ठेवा. आधीच्या प्रवेशात तिसऱ्या कुणाकडून अपेक्षा मोठ्याने बोलवून घ्या: ‘आज विचारतोय बघ तो.’ मग दोघांना एकत्र आणा, वेळ कमी द्या आणि बोलायला फुटकळ विषय द्या. प्रेक्षकाला काय व्हायला हवं ते ठाऊक असल्याशिवाय ते न होण्याची टोचणी लागत नाही. पुष्कळ एकांकिकांत ही पहिली सोय केलेलीच नसते, आणि मग दोन माणसं नुसती हवेवर बोलताना दिसतात.

सहावी पायरी: ऐकणारा बदला

कधी पात्र मोकळेपणाने बोललंच पाहिजे असं वाटतं. अशा वेळी शब्द न बदलता ऐकणारा बदला. भवभूतीच्या ‘उत्तररामचरिता’च्या तिसऱ्या अंकात राम बारा वर्षांनी पंचवटीत येतो आणि उघड शोक करतो, मूर्च्छित होतो. आपल्या नियमाप्रमाणे हा अंक फसायला हवा. फसत नाही, कारण सीता तिथेच उभी आहे, भागीरथीच्या कृपेने अदृश्य. राजा म्हणून त्याने तिला टाकलं आणि तिच्यासमोर तो हे कधी बोलू शकला नसता. रामाचं दुःख सरळ येतं, पण आपण बघत असतो सीतेकडे. स्वगतात नायक कोसळणार असेल तर आधी विचारा, हे कुणाच्या कानावर पडायला नको होतं? मग त्या ऐकणाऱ्याला दाराआड उभा करा.

भोंडल्यातलं कारल्याचं गाणंही याच घराण्यातलं. सून विचारते, आता तरी माहेरी जाऊ का. सासू म्हणते बी पेर, मग म्हणते वेल येऊ दे, फूल येऊ दे, कारलं लागू दे, भाजी कर. माहेरच्या ओढीचं वर्णन त्यात नाही, कामांची रांग आहे आणि प्रत्येक वेळी तोच प्रश्न. सुनेला सासूपुढे मागता येतं ते एवढंच.

सातवी पायरी: तपासणी

लिहून झाल्यावर भावनेची सगळी नावं, अश्रू, हुंदके, काळीज आणि मन यांच्यावर पेन्सिलीने गोल करा. एकेक काढून वाचा. काढल्याने काही बिघडलं नाही तर ते गेलंच. मात्र एखादं काढल्यावर भोक पडतंय असं वाटलं तर ते ठेवा, फक्त ते प्रसंगाच्या आधी आहे की नंतर एवढं बघा. नंतर चालतं.

मग विषय न सांगता एखाद्याला वाचायला द्या आणि ‘आवडलं का’ असं विचारू नका. ‘काय चाललंय इथे, आणि कोण काय लपवतंय?’ असं विचारा. नाटक असेल तर पहिल्या वाचनात नटांना सपाट, रंग न भरता वाचायला सांगा. सपाट वाचनातही अस्वस्थ व्हायला झालं तर संहिता तयार आहे.

उलट, कुणालाच काही कळलं नाही, तर दोष वाचकावर ढकलू नका. मम्मटाच्या त्याच यादीत स्वशब्दवाच्यत्वाच्या लगेच पुढे दुसरा दोष आहे: विभाव-अनुभाव इतके आडवळणाचे, की ते ओळखायला वाचकाला कष्टाने कल्पना लढवावी लागते. नव्या कवितेत आणि प्रायोगिक रंगभूमीवर आज पहिल्यापेक्षा हाच दोष जास्त दिसतो, असं मला वाटतं. अशा वेळी घाबरून भावनेचं नाव परत आणू नका. प्रसंगातला एखादा तपशील वाढवा. फोनच्या कवितेत ‘गॅस अजून आईच्या नावावर आहे’ ही ओळ त्यासाठीच आहे. ती काढून कविता कुणालाही वाचून दाखवा, आई गावाला गेली आहे असंच वाटेल.